दोन हिवाळ्यांची मुदत

आमच्या घरच्या बाईच्या हातावर लव नसते. मनगटापासून कोपरापर्यंत हात धुतल्या पाटासारखा गुळगुळीत. रोट्या भाजायच्या माठाच्या आचेनं लव जळून जाते आणि पुन्हा उगवायला तिला सवड मिळत नाही. मला पाहायला आले तेव्हा गिरजाबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, माझ्या तोंडाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. हात पुढे करायला लावला, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आपल्या वितीनं मोजला, लवेवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हात लांब हायेत पोरीचे. जमते." पोरगी दहावी पास आहे हे माझ्या बापानं, रामाजीनं, तीनदा सांगितलं. तिनं तिन्ही वेळा नुसती मान हलवली.

वडसा म्हणजे धानाचं गाव. बारा महिने भात खाणाऱ्या मुलखात गव्हाची रोटी ही सणासुदीचीच वस्तू, आणि त्यातही लांब रोटी म्हणजे मानाची. लग्न असो, बारसं असो, हिवाळ्यात गावोगाव नाटकं लागली की घरोघरी पाहुणे उतरतात ते असोत, सगळ्यांना आमच्याच घरची रोटी लागायची. चुलीवर उलटा घातलेला माठ, खाली धावड्याची लाकडं. वरोऱ्याकडचा गहू बारीक दळून, फडक्यानं चाळून, मिठाच्या पाण्यात सैल भिजवायचा आणि कणीक परातीत आपटत राहायची. तासभर आपटली की ती तार सोडते, ओढली तरी तुटत नाही. मग गोळा दोन्ही हातांवर घेऊन झुलवायचा. तो वाढत वाढत मनगटावर, तिथून कोपरापर्यंत चढतो, पातळ होतो, आणि दोन्ही हातांवरून तो तसाच माठावर टाकायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही. लिहायला सोपं आहे. करायला बसलेल्या दहा बायकांतल्या नऊ जणींची कणीक कोपरावरून चुलीत जाते.

ही विद्या गिरजाबाईला तिच्या सासूनं दिली, सीताबाईनं. सीताबाईला तिच्या सासूनं. अशी सात नावं गिरजाबाई एका दमात म्हणायची, आणि सातही सुना. लेक एकही नाही. लेकीला शिकवलं तर ती दुसऱ्याच्या घरी घेऊन जाईल, म्हणून लेकीनं कणकेला हात लावायचा नाही असा दंडकच होता. माझी नणंद आशाबाई लहानपणी परातीजवळ गेली की चिमट्याचा फटका खायची. ती चिडून म्हणायची, "घर माह्यं, अन् रोटी दुसऱ्याच्या पोरीले." मला वाटायचं, बाई, तू सुटलीस.

सुटलीस म्हणण्याचं कारण गिरजाबाई स्वतःच. वडश्याबाहेर तिनं पाहिलं काय, तर ब्रह्मपुरी. छप्पन साली आमची सगळी वस्ती दीक्षेला नागपूरला गेली. म्हातारेकोतारे, कडेवरची लेकरं, सगळे. गिरजाबाई तेव्हा नवी सून होती. पांढरं लुगडं धुऊन वाळत घातलेलं. निघायच्या आदल्या दिवशी सीताबाईचा हात माठाला लागून भाजला. जाणाऱ्यांच्या शिदोरीच्या रोट्या व्हायच्या होत्या. वस्तीत कोणालाच दुसऱ्या कोणाच्या रोट्या नको होत्या. गिरजाबाई बसली, आणि सगळे तिच्या रोट्या बांधून घेऊन नागपूरला गेले. हे तिनं मला चूल पेटवता पेटवता सांगितलं, आवाज न चढवता. शेवटी एवढंच म्हणाली, "आले तवा म्हणत, रोट्या तीन दिस मऊ राह्यल्या."

मला हे असं आयुष्य नको होतं. स्पष्टच सांगते, मला सायकल हवी होती. माझं माहेर मुलचेऱ्याकडचं. आमच्या गावच्या दवाखान्यात एक नर्सबाई होती, सोनीबाई नावाची. हिरव्या रंगाची सायकल, मागे औषधाची पेटी. आज निर्वासित बंगाल्यांच्या वस्तीत, उद्या जंगलातल्या गोंडांच्या गावात. आमच्याकडे बाई उंबऱ्याबाहेर पडली की पहिला प्रश्न, कुठी चालली? सोनीबाईला हा प्रश्न कोणी विचारत नसे. तिला सगळे विचारत, पुन्हा कधी येशील? सेवा वगैरे मोठ्या गोष्टी मला नंतर सुचल्या. आधी तो प्रश्न आवडला. गडचिरोलीला नर्सबाईचं दीड वर्षाचं ट्रेनिंग असतं, तिथे अर्ज टाकायचा हे मी दहावीतच ठरवून टाकलं होतं. बापानं मधेच लग्न ठरवलं. नवरा देवराव रेल्वेत, नॅरोगेजच्या छोट्या लाइनीवर गँगमन. माणूस चांगला. पण कुठलाही प्रश्न टाका, उत्तर एकच, "माय म्हणन तसं."

लग्नाला महिना झाला असेल. घरचे सगळे एका बारशाला गेले होते आणि मी मागे राहिले होते. सकाळच्या ऑर्डरची मूठभर कणीक परातीत उरली होती, माठ अजून तापलेला होता. दोन-चारदा गिरजाबाईनं मला शिकवायला बसवलं होतं आणि माझी कणीक रीतसर चुलीत गेली होती. त्या दिवशी कोणी पाहत नव्हतं म्हणून असेल, गोळा हातावर घेतला आणि तो चढला. मी काही करत नव्हते. तो आपणहून मनगट ओलांडून पुढे सरकला, गार आणि जिवंत, आणि दोन्ही कोपरांपर्यंत जाऊन थांबला. मी दाराच्या उजेडाकडे हात केले. रोटीतून पलीकडच्या कुंपणाच्या काड्या दिसत होत्या. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. आणि हसता हसता थांबले. या घरात ज्या बाईला हे येतं ती कुठे जात नाही. सात जणी गेल्या नाहीत. मी ती रोटी भाजली आणि उभ्यानंच गरम गरम खाऊन टाकली, पुरावा ठेवायचा नाही म्हणून. तोंड असं भाजलं की आठ दिवस तिखट खाता आलं नाही.

पुढे बाप मला माहेरपणाला न्यायला आला तेव्हा मी ट्रेनिंगचा विषय काढला. देवरावनं आईकडे पाहिलं. गिरजाबाई भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे हात करून म्हणाली, "याहिच्या समोर सांगतो. दोन हिवाळे मी इले शिकवीन. दोन हिवाळ्यांत हात नाई बसला, त खुशाल जाऊ दे ट्रेनिंगले. मंग हा माठ माह्यासंगच फुटन. पण हात बसला, त तिनं नाव काढू नोये ट्रेनिंगचं. कबूल हाये का, पोरी?"

"कबूल हाये, बाई," मी म्हणाले. बाप खूश, देवराव खूश. तसबिरीसमोर शब्द दिला तेव्हा मला रोटी येत होती. म्हणजे मी शब्द देतानाच खोटी होते, आणि हे मला त्याच क्षणी लागलं होतं. पण दोन हिवाळे म्हणजे दोनच हिवाळे, असं मी मनाला समजावलं.

आता येत असलेली गोष्ट न येण्याचं सोंग घ्यायला किती कसब लागतं हे ज्यानं केलं त्यालाच कळेल. शिकाऊ हाताची रोटी काठाला फाटते, मनगटापाशी. मी आधी तशी फाडायचा प्रयत्न केला. जमेना. हात कणकेला सांभाळूनच घ्यायचा, आणि काठ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मग मी युक्ती काढली. रोटी माठावर टाकायच्या क्षणी खालून अंगठा मधोमध टेकवायचा, किंचित. कोणाला दिसत नाही. माठावर पडता पडता रोटीला मधे भोक पडतं, अर्ध्या चंद्रासारखं, आणि आचेनं ते वाढत जातं. शेजारची बायनाबाई आमच्याकडे चुलीत लाकडं सारायला यायची. ती मोठ्यानं म्हणायची, "गिरजा, तुह्या सुनेच्या रोटीतून चांद दिसते वं." बायका हसायच्या. मी मान खाली घालायची. आत मात्र असा संताप व्हायचा की वाटे, एकदाच, एकदाच दाखवावी यांना.

गिरजाबाई मात्र कधी हसली नाही, की रागावली नाही. माझी फाटकी रोटी उचलायची, दारातल्या उन्हासमोर धरून पाहायची आणि कोंबड्यांच्या टोपलीत टाकायची. "पुन्ना," एवढंच म्हणायची. मी पुन्हा फाडायची. पहिला हिवाळा असा गेला. दुसऱ्या हिवाळ्यात एकदा नाटकवाल्यांची मोठी ऑर्डर होती आणि मी थकून विसरले. रोटी अख्खी हातावर आली, नितळ. शेवटच्या क्षणी अंगठा खुपसला. गिरजाबाईची पाठ माझ्याकडे होती. ती पीठ चाळत होती. वाचले, असं मला वाटलं.

मुदत सरत आली म्हणून मी अर्ज टाकून ठेवला होता. शहाऐंशीच्या जानेवारीत गडचिरोलीहून पत्र आलं. पहिल्या मार्चला, शनिवारी, हजर व्हायचं. देवरावनं ते अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचलं. आशाबाईचं लग्न तेवीस फेब्रुवारीला ठरलेलं होतं, नवरा मुलगा चंद्रपूरकडे कोळसा खाणीत. गिरजाबाईनं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"आशाचं लगन पार पडू दे," ती म्हणाली, "मंग जाय. हात काई बसला नाई तुहा."

लग्नाच्या आठ दिवस आधी देवरावनं बाजारातून पत्र्याची पेटी आणली. गिरजाबाईनं स्वतः त्यात दोन पांढरी पातळं घडी घालून ठेवली, ट्रेनिंगला पांढरं लागतं असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. त्या घड्या पाहून मला भरून आलं. वाटलं, सात बायकांची विद्या हिच्यापाशी संपणार आणि ही माझी पेटी भरते आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. मला तिची दया आली. तिथेच मी फसले, हे मला आठ दिवसांनी कळलं.

लग्न रविवारी सकाळी होतं. पाहुणे छोट्या गाडीनं आले, मांडव भरला. नवऱ्या मुलाची आजी लुगड्या-मानपानाची भुकेली नव्हती. सोयरीक ठरतानाच म्हणाली होती, "आमाले देणंघेणं काई नको. तुमच्या घरची लांब रोटी अन् वांग्याची भाजी पोटभर वाढा." त्यामुळे दोनशे रोट्या करायच्या ठरल्या. मागच्या अंगणात दोन चुली, दोन माठ. कणीक मी आणि बायनाबाईनं पहाटेपासून आपटली होती. आपटायला मला परवानगी होती, त्यात फाडण्यासारखं काही नसतं. तिकडे मांडवात पंचशील सुरू झालं आणि इकडे गिरजाबाई पाटावर बसली.

पहिल्या वीस-पंचवीस रोट्या नेहमीसारख्या उतरल्या. मग एक फाटली. मी पाहिलं नाही, बायनाबाईचा आवाज ऐकला, "अवं माय." गिरजाबाईनं दुसरी घेतली. तीही फाटली. तिसरी. तिनं उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि दाबलं. पुन्हा गोळा घेतला, पुन्हा फाटली. बायनाबाई फाटक्या रोट्या माठावरून ओढून टोपलीत टाकत राहिली. मी पाणी आणायच्या निमित्तानं दूर उभी होते. नऊ, दहा, अकरा. मांडवातली गाथा संपली, साधु साधु साधु ऐकू आलं, आणि पंगतीसाठी पट्ट्या अंथरल्याचा आवाज यायला लागला.

"हात गेला वं," गिरजाबाई म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

देवराव मागच्या दारात आला. टोपली पाहून त्याचा चेहरा उतरला. "माय, भात वाढाले सांगू का?"

"सांग," ती म्हणाली. "आता दुसरं काय."

त्याच्यामागून आशाबाई डोकावली. पांढरी साडी, गळ्यात हार. माठाकडे आणि स्वतःच्या हातांकडे तिनं असं पाहिलं की मला तिचे लहानपणीचे चिमट्याचे फटके आठवले. तिला शिकवलं असतं तर तिनं हार काढून ठेवून स्वतःच्या लग्नाच्या रोट्या भाजल्या असत्या.

लोक अजून म्हणतात, सत्यशीलानं, म्हणजे मी, नणंदेच्या अब्रूसाठी हात घातला. मी कधी नाही म्हटलं नाही. पण ते खोटं आहे. भात वाढला असता तर आजीबाई नाराज झाल्या असत्या, दोन वर्षं ते उगाळलं गेलं असतं आणि मग विसरलं गेलं असतं. आशाबाईचं लग्न काही मोडणार नव्हतं. मी हे सगळं तिथे उभी राहून मनात नीट मांडलं होतं. सहा दिवस, सत्यशीला. फक्त सहा दिवस गप्प राहा. पेटी भरलेली आहे.

मला राहवलं नाही ते कणकेमुळे. परातीत ती ऐन भरात आली होती. वर बारीक फुगे आलेले, बोट लावलं तर तार धरणारी. हात चालत राहिला तर अशी कणीक टिकते, नुसती पडून राहिली तर पाऊण तास थांबते. मग सैल पडते, पाणी सोडते, आणि कोणाच्या बापाला तिची रोटी करता येत नाही. पहाटेपासून मी ती आपटली होती. दोन हिवाळे मी या कणकेशी वाईट वागले होते, दर वेळी तिनं माझ्या हातावर विश्वास टाकला आणि दर वेळी मी तिच्यात अंगठा खुपसला. आता ती माझ्या डोळ्यांसमोर मरणार होती. माझे हात खाजायला लागले. खरोखर खाजायला लागले.

गिरजाबाई पाटावर थोडीशी सरकली. मला बस म्हणाली नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त एक जण बसेल एवढी जागा झाली.

मी बसले. हात पाण्यात बुडवून गोळा घेतला. तो चढला, मनगट, कोपर, आणि मी टाकला. अख्खी. बायनाबाईच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. दुसरी टाकली, तिसरी टाकली. मग मी मोजणं सोडलं. दोन्ही माठ मी एकटीनं चालवले, पुढे-मागे वळत. आचेनं हातावरची लव जळून वास सुटला, तो मला कळला आणि काही वाटलं नाही. खरं सांगते, त्या तीन तासांत मी जितकी सुखात होते तितकी आयुष्यात कधी नव्हते. हे सांगायला मला लाज वाटते, पण आहे ते आहे. मांडवातून माणसं मागच्या अंगणात पाहायला यायला लागली. आजीबाई काठी टेकत आली, एक रोटी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "गिरजाबाई, सून पाह्यली त अशी."

देवराव लोकांना सांगत सुटला होता, "माह्यी बायको हाये थे." मला त्याचं वाईट वाटलं. त्याला अजून समजलंच नव्हतं की त्याच्या बायकोची पेटी रिकामी झाली.

दिवस कलायच्या आत आशाबाईची पाठवणी झाली. ती गळ्यात पडून रडली. कानाशी म्हणाली, "वयनी, तुले येत होतं न?" मी तिचा पदर सारखा केला. गाडी गेली, मांडव ओस पडला. मी मागच्या अंगणात आवरायला आले. कोंबड्यांची टोपली कोपऱ्यात पडली होती. कोंबड्यांना घालायला म्हणून मी फाटक्या रोट्या बाहेर काढल्या.

अकरा होत्या. पहिली उचलली आणि हात थांबला. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या जमिनीवर पसरल्या. थकलेल्या, दुखऱ्या मनगटाची रोटी काठाला फाटते. मनगट साथ देत नाही तिथेच ती सुटते. या अकराही रोट्यांचे काठ साबूत होते. अकराही मधोमध फाटल्या होत्या, अर्ध्या चंद्रासारख्या. त्या घाईत ती खूण दुसऱ्या कोणाला कळली नसती. मला कळली, कारण ती माझी होती. दोन हिवाळे घालवून मी ती बसवली होती.

मागे आवाज झाला. गिरजाबाई थंड झालेला माठ चुलीवरून उतरवत होती. तो माठ आम्ही दोघी मिळून उचलायचो. तिनं एकटीनं उचलला, उजव्या हाताच्या जोरावर, आणि भिंतीशी नेऊन ठेवला.

"हात कसा हाये, बाई?" मी विचारलं.

"बरा हाये."

"अन् अंगठा?"

ती वळली. जमिनीवर मांडलेल्या रोट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर ना लाज ना आनंद.

"तुहाच पाहून पाहून शिकली," ती म्हणाली. "लय अवघड हाये वं. हात मानत नाई."

मला राग आला. असा राग की मी त्या रोट्या लाथेनं उडवल्या. मी रडत रडतच म्हणाले, "तुमाले पह्यल्यापासून ठावं होतं. मंग गप काऊन राह्यल्या? तवाच बसवाचं होतं मले."

"बळजबरीनं बसवली असती त तू पळाली असतीस," ती म्हणाली. "आता नाई पळत. सगळ्यांच्या डोयासमोर आपल्या हातानं बसली तू. मी बस म्हणली का?"

"मले जायचं होतं, बाई."

"मले बी जायचं होतं. नागपूरले."

ती खाली बसली आणि उडालेल्या रोट्या एकेक गोळा करून टोपलीत टाकायला लागली. शेवटची रोटी टाकून ती, जणू त्या टोपलीला सांगावं तसं, म्हणाली, "माह्या सासूचा हात खरंच भाजला होता का, हे मी मरेपर्यंत तिले पुसू नाई शकली. पट्टी सोडून पाह्याची छाती नाई झाली माही. तू पुसलं. बरं केलं."

तिचा गळा धरावा असं वाटत होतं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवावं असंही वाटत होतं. मी दोन्हींतलं काही केलं नाही. घागर उचलून पाण्याला गेले.

कोणी विचारेल, तरी जायचं होतंस. दार उघडं होतं, पत्र होतं. मी तसबिरीसमोर शब्द दिला होता, बापासमोर. आणि तो शब्द मोडायला निघालेच असते तर देवरावनं आईकडे पाहिलं असतं. पण हीसुद्धा सगळी कारणं नंतरची. खरं कारण मला त्या तीन तासांत कळलं होतं आणि गिरजाबाईला माझ्या दोन वर्षं आधी कळलं होतं. दोन हिवाळे मी समजत होते की मी तिला फसवते आहे. ती शांतपणे बसून माझा हात पाहत होती.

सोमवारपासून माणसं यायला लागली. सुनेच्या हातच्या रोट्या पाहिजेत म्हणून सांगून जायची. देवरावनं पत्राला उत्तर लिहिलं, की घरच्या अडचणीमुळे येणं होत नाही. मी सही केली. पत्र्याच्या पेटीतली पातळं गिरजाबाईनं काढली आणि तिथे पीठ चाळायची फडकी ठेवली. पेटी चांगली आहे, त्यात उंदीर शिरत नाहीत.

शनिवारी, पहिल्या मार्चला, एका नाटक मंडळीची ऑर्डर होती. पाहुणे धरून साठ रोट्या. एसटी स्टँड आमच्या घरापासून लांब नाही. गडचिरोलीची गाडी निघते तेव्हा हॉर्न ऐकू येतो. तो वाजला तेव्हा मी पहिला गोळा हातावर घेतला होता. बायनाबाई लाकडं सारत होती. गिरजाबाई माझ्याकडे पाठ करून पीठ चाळत बसली होती.

कणीक चढली. मनगटावरून, लव जळालेल्या हातावरून, कोपरापर्यंत. मी माठावर वाकले आणि माझा अंगठा खालून मधोमध गेला. सवयीनं गेला की मी नेला, मला आजही सांगता येणार नाही.

गिरजाबाईनं वळून पाहिलं नाही. चाळणं थांबवलंही नाही.

"अंगठा काढ," ती म्हणाली.

मी अंगठा काढला. रोटी माठावर पडली, अख्खी.